एअर पिस्तूल पहिल्यांदा चालवताना: रेंजवर काय जाणवतं आणि आत काय चालतं?

२८ जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलची फायनल सुरू होती. मनू भाकरचे एकूण गुण झाले २२१.७ आणि तिच्या पुढे असलेल्या कोरियाच्या किम येजीचे २२१.८. फरक ०.१ गुणाचा. तेवढ्यावरून मनू तिसऱ्या नंबरवर थांबली. ब्राँझ मिळालं, पण सिल्व्हरची लढत तिथेच संपली.

हा ०.१ गुण टार्गेटवर किती मोठा असतो माहितीये? फक्त ०.८ मिलिमीटर. तुमच्या एटीएम कार्डाची जाडी साधारण तेवढीच असते. आणि हे दहा मीटर लांबून, एका हातात किलोभर वजन धरून, कशाचाही आधार न घेता.

पॅरिसनंतर शूटिंगबद्दलची उत्सुकता चांगलीच वाढली. आपल्याकडे तर कारण दुप्पट होतं, कारण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनेही त्याच ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. पण रेंजवर पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात पिस्तूल म्हणजे पब्जी नाहीतर सिनेमा असतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत तो समज गळून पडतो. म्हणून या लेखात बघूया की मॅच एअर पिस्तूल हातात घेतल्यावर नेमकं काय वाटतं, तसं का वाटतं आणि त्या यंत्राच्या आत काय काय घडतं.

हे पिस्तूल नक्की कोणतं?

यात बारूद नसते. दाबून भरलेली हवा ४.५ मिमी व्यासाचा शिशाचा छर्रा ढकलते. रेंजवर त्याला सगळे ‘पेलेट’ म्हणतात. पेलेटचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला साधारण १५० मीटर. हिशोब केला तर ऊर्जा येते ६ ज्यूलच्या जवळपास. तुलनेसाठी सांगायचं तर ९ मिमीच्या खऱ्या पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा ५०० ज्यूलच्या घरात असते.

त्यामुळे पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. धडाम वगैरे काही नाही, नुसतं ‘टप्प’. हाताला झटकाही जवळजवळ जाणवत नाही. काही मुलांचा इथे चक्क हिरमोड होतो! पण याला खेळणं समजू नका. जवळून हा पेलेट डोळा कायमचा घालवू शकतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे, म्हणजे आयएसएसएफचे, या पिस्तुलासाठी कडक नियम आहेत. वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, अख्खं पिस्तूल ४२ × २० × ५ सेंटिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. या शेवटच्या अटीवर पुढे बोलूच, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं?

वजन. टेबलावरून उचलताना काही वाटत नाही, पण हात सरळ करून खांद्याच्या उंचीवर धरला की अर्ध्या मिनिटात पिस्तूल डोलायला लागतं. सहज अंदाज घ्यायचा असेल तर पाच स्मार्टफोन एकावर एक बांधा आणि हात लांब करून एका हातात धरून बघा. साधारण तेवढं वजन. स्पर्धेच्या पात्रता फेरीत असे ६० शॉट मारायचे असतात, सव्वा तासात. सरावाचे वेगळे. प्रत्येक शॉटनंतर हात खाली आणून विश्रांती घ्यायची असते, आणि हे पहिल्या दिवशी कुणीच करत नाही. हात वर ठेवूनच पुढचा शॉट, मग पुढचा. दहाव्या शॉटपर्यंत खांदा भरून येतो.

हे डोलणं थांबत नाही. ऑलिम्पिक खेळाडूचंही थांबत नाही, फक्त लहान होतं. त्यामुळे ‘पिस्तूल पूर्ण स्थिर झालं की मारतो’ म्हणणारा नवशिक्या तो क्षण कधी येतच नाही म्हणून वाट बघत बसतो आणि शेवटी वैतागून ट्रिगर खेचतो.

दुसरी गोष्ट ग्रिप. मॅच पिस्तुलाची मूठ लाकडाची आणि बोटांच्या आकाराप्रमाणे कोरलेली असते. उजव्या हाताची वेगळी, डाव्या हाताची वेगळी, शिवाय स्मॉल, मीडियम, लार्ज असे साइज. खाली तळहाताला टेकू देणारी एक पट्टी असते, ती वर-खाली सरकते. पहिल्यांदा ही मूठ हाताला चावते असंच वाटतं. कुठेतरी टोचतं, अंगठ्याच्या मुळाशी दाब येतो. लगेच कानस घेऊन घासायला बसू नका. महिनाभर चालवल्यावर हात कुठे बसतो ते कळतं, आणि एकदा घासलेलं लाकूड परत येत नाही. (अनुभवी नेमबाज लाकडाच्या पुट्टीने भर घालतात, पण तो पुढचा अभ्यास.)

ग्रिप बरोबर बसली की नाही हे बघायची एक सोपी चाचणी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, टार्गेटच्या दिशेने धरा, डोळे मिटा, हात खाली आणून परत वर न्या आणि मग डोळे उघडा. पुढचा आणि मागचा साइट आपोआप एका रेषेत आले असतील तर छान. दरवेळी पुढचा साइट डावीकडेच झुकलेला दिसत असेल तर मनगट वळवून तो दुरुस्त करू नका, ग्रिप फिरवा. मनगटाने केलेली दुरुस्ती दमल्यावर निसटते.

आणि हो, खिशातला हात! तुर्कीच्या युसूफ दिकेचचा तो फोटो तुम्ही शंभरदा बघितला असेल. साधा चष्मा, एक हात खिशात आणि मिक्स्ड टीमचं सिल्व्हर. मीम्स भारी होते, पण खिशात हात ही स्टाइल नाहीये. या प्रकारात पिस्तूल एकाच हाताने धरायचा नियम आहे, आणि मोकळा हात लोंबकळत राहिला तर शरीर हलतं. म्हणून जवळपास सगळेच तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात.

टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. हो, धूसरच!

हे पटायला सगळ्यात अवघड जातं. फोनच्या कॅमेऱ्यात जवळच्या वस्तूवर टॅप केलं की मागचं ब्लर होतं. डोळ्याचंही तसंच आहे, एका वेळी एकाच अंतरावर फोकस. रेंजवर तुमच्यासमोर तीन गोष्टी असतात: मागच्या साइटची खाच, नळीच्या टोकावरचा पुढचा साइट आणि दहा मीटरवरचं काळं वर्तुळ. नवशिक्या साहजिकच वर्तुळाकडे बघतो. फोकस हवा पुढच्या साइटवर. तो काठासकट कोरीव दिसला पाहिजे आणि टार्गेट करड्या ठिपक्यासारखं.

का? गणित बघा. दोन साइटमधलं अंतर धरू ३३ सेंटिमीटर. टार्गेट आहे १००० सेंटिमीटरवर, म्हणजे जवळपास ३० पट लांब. पुढचा साइट खाचेत फक्त १ मिमी एका बाजूला सरकला तर टार्गेटवर पेलेट सुमारे ३० मिमी बाजूला जातो. थेट १० च्या ऐवजी ७. आता दुसरी चूक घ्या. साइट एकमेकांच्या बरोबर रेषेत आहेत, पण अख्खा हातच ५ मिमी बाजूला तरंगतोय. तेव्हा पेलेटही ५ मिमीच बाजूला लागतो, आणि तो अजूनही १० आहे!

कारण टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं आणि पेलेटची कड वर्तुळाला शिवली तरी वरचे गुण मिळतात. म्हणजे केंद्रापासून साधारण ८ मिमीपर्यंत सगळं १०. थोडक्यात, हाताचं डोलणं माफ आहे, साइटचा कोन माफ नाही.

आणखी एक. नेम काळ्या वर्तुळाच्या मध्यावर धरत नाहीत, त्याच्या खाली पांढऱ्या भागात धरतात. काळ्यावर काळा साइट दिसणारच नाही ना! पिस्तुलाचे साइट असे लावलेले असतात की नेम खाली धरला तरी पेलेट मध्यावर जातो. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर पहिले पाच शॉट काळ्याच्या वरच्या टोकाला लागतात आणि ‘पिस्तूलच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो.

ट्रिगर: अर्धा किलोची परीक्षा

५०० ग्रॅम म्हणजे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं वजन. स्पर्धेआधी पिस्तूल उभं धरून ट्रिगरला खरोखर ५०० ग्रॅमचं वजन लावून उचलतात. शॉट सुटला नाही तर पास.

हा ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडं मागे जातं आणि एका जागी भिंत लागल्यासारखं थांबतं. तिथून पुढे अगदी थोडा दाब वाढवला की शॉट सुटतो. पहिल्यांदा चालवणाऱ्याला ती भिंत कळतच नाही. नेम धरायच्या आतच पेलेट सुटतो आणि चेहऱ्यावर ‘हे मी नाही केलं’ असा भाव येतो. म्हणून चांगले प्रशिक्षक आधी पेलेट न भरता सराव करून घेतात. त्याला ‘ड्राय फायर’ म्हणतात आणि मॅच पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय असते. कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते पहिल्या महिन्यातला निम्म्याहून जास्त वेळ यातच गेला पाहिजे. पेलेटचे पैसेही वाचतात.

ट्रिगर मेकॅनिकल घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक? मेकॅनिकलमध्ये धातूचे दोन भाग एकमेकांवरून घसरून सुटतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये तुमचं बोट फक्त एक स्विच दाबतं आणि पुढचं काम बॅटरीवर चालणारं सोलेनॉइड करतं. स्वित्झर्लंडच्या मोरिनी कंपनीचं सीएम १६२ ईआय हे इलेक्ट्रॉनिकचं प्रसिद्ध उदाहरण. भिंत जास्त स्वच्छ लागते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. तोटा तुम्हीच ओळखला असेल. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, तिचे ५७५ गुण झाले आणि फायनल हुकली. मेकॅनिकल पिस्तूलही बिघडतंच, पण नवशिक्याला मी मेकॅनिकलच सुचवेन. दुरुस्ती करणारा माणूस जवळपास सापडतो.

आत काय चालतं?

नळीखाली जी दुसरी जाड नळी दिसते ती हवेची टाकी. त्यात २०० बारपर्यंत दाबाने हवा भरतात. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्याच्या नव्वद पट. एवढा दाब थेट पेलेटमागे सोडला तर पहिला शॉट जोरात आणि शंभरावा मवाळ जाईल, म्हणून मध्ये रेग्युलेटर बसवलेला असतो. तो प्रत्येक शॉटसाठी कमी आणि ठरावीक दाबाची, मोजून मापून तेवढीच हवा देतो. तुमच्या चार्जरचं काम जसं घरातल्या २३० व्होल्टमधून फोनला झेपेल तेवढंच देणं, तसंच. एकदा भरलेल्या मोठ्या सिलिंडरवर दीडशेच्या आसपास शॉट आरामात होतात.

पूर्वी असं नव्हतं. आधी स्प्रिंगवाली पिस्तुलं होती, त्यात पिस्टन पुढे धावला की हाताला धक्का बसायचा. मग प्रत्येक शॉटआधी लीव्हर दाबून हवा कोंबणारी आली, मग कार्बन डायऑक्साइडवर चालणारी. त्यांची अडचण अशी की तापमान बदललं की गॅसचा दाब बदलतो. नागपूरच्या मे महिन्यात आणि नाशिकच्या जानेवारीत एकच पिस्तूल वेगळं वागणार! दाबलेल्या हवेच्या सिलिंडरने हा प्रश्न जवळपास संपवला.

उरलेला किंचित झटकाही काही पिस्तुलांत आत बसवलेलं एक छोटं वजन शोषून घेतं. शॉट सुटताना ते विरुद्ध दिशेला सरकतं. त्यामुळे शॉटनंतरही साइट जागेवरून फारसे हलत नाहीत.

पण इथे एक सापळा आहे. ट्रिगर सुटल्यापासून पेलेट नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. १५० मीटर वेग रायफलच्या मानाने फारच कमी आहे. तेवढ्यात तुम्ही ‘कुठे लागला?’ बघायला मान उचलली किंवा मनगट सैल सोडलं, तर नळी पेलेट आत असतानाच हलते. म्हणून शॉटनंतर एक-दोन सेकंद हात तसाच ठेवायचा, साइटकडे बघत. याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. नाइट मोडमध्ये फोटो काढताना क्लिक झाल्यावर लगेच फोन हलवला की काय होतं ते आठवा.

टार्गेटला कसं कळतं कुठे लागला?

जिल्हा पातळीवरच्या अनेक क्लबमध्ये अजून कागदाचं टार्गेट पुली फिरवून मागे-पुढे नेतात. मोठ्या रेंजवर मात्र इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं आणि शॉट लागताच तुमच्या शेजारच्या स्क्रीनवर ठिपका उमटतो.

एका प्रकारात टार्गेटच्या चौकटीत मायक्रोफोन बसवलेले असतात. पेलेट पडद्यातून आरपार जातो तेव्हा आवाज प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो. त्या वेळांच्या फरकावरून जागा काढायची. तुमचा जीपीएस सॅटेलाइटच्या सिग्नलवरून जे करतो त्याचाच हा भाऊ. हवेत आवाजाला १ मिमी जायला साधारण ३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ०.१ गुण अचूक द्यायचा तर घड्याळ किती बारीक हवं बघा. दुसऱ्या प्रकारात लेझर किंवा इन्फ्रारेड किरणांची जाळी असते आणि पेलेटने कुठले किरण अडवले त्यावरून जागा ठरते. पात्रता फेरीत पिस्तूलसाठी पूर्ण गुणच धरतात, १०, ९, ८ असे. फायनलमध्ये दशांश येतात, जास्तीत जास्त १०.९. म्हणून तर तो ०.८ मिमी.

स्क्रीन भारी आहे, पण पहिल्या दिवशी दर शॉटला तिच्याकडे बघू नका. पाच शॉट मारा आणि मग बघा. पाचही ठिपके एकमेकांजवळ आहेत पण डावीकडे ७ मध्ये आहेत? उत्तम! मागच्या साइटचा स्क्रू उजवीकडे फिरवला की काम झालं. मागचा साइट ज्या दिशेला न्याल त्या दिशेला पेलेट जातो, एवढं लक्षात ठेवा. ठिपके सगळीकडे विखुरलेत आणि त्यातला एक नशिबाने १०.६ आहे? मग साइटला हात लावायचा नाही, दोष साइटचा नाहीये.

पिस्तूल नवीन असेल तर पेलेटही तपासून बघा. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते पेलेटच्या डोक्याचे मिलिमीटरमधले व्यास. प्रत्येक नळीला एखादाच जास्त मानवतो. चपट्या डोक्याचेच घ्या, कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना भांडण होत नाही.

याही पुढचं तंत्रज्ञान म्हणजे स्कॅटसारखे ट्रेनर. नळीवर छोटा कॅमेरा बसतो आणि शॉटच्या आधी तुमचा नेम टार्गेटवर कसा फिरला त्याची रेघ लॅपटॉपवर काढून दाखवतो. ‘सर, मी नीट धरलं होतं’ हे वाक्य त्याच्यापुढे चालत नाही.

रेंजवरचे नियम आणि कायदा

नळी नेहमी टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. शॉट मारत नसताना नळीत भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. ‘स्टॉप’ म्हटलं की थांबायचं, हातातला शॉट पूर्ण करायचा नाही. डोळ्यांना चष्मा लावा. आणि पेलेट शिशाचे असतात, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. पण कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सोनं जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल .२२ कॅलिबरचं, बारुदाचं असतं. त्याला परवाना लागतो. दोन्हीत गल्लत करू नका.

परवाना लागत नाही म्हणून ते कमरेला लावून फिरायची वस्तूही होत नाही. बंद केसमधूनच न्या, क्लबचं ओळखपत्र सोबत ठेवा. आणि प्लीज, बाइकवर बसून पिस्तूल दाखवणारी रील बनवू नका. लांबून बघणाऱ्याला एअर आणि खरं यातला फरक कळत नाही, आणि स्टेटसला शस्त्राचे फोटो टाकणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केल्याच्या बातम्या आपण वाचतोच. करिअर सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डवर गुन्हा कशाला?

विकत घ्यायचं झालं तर

आधी काही महिने क्लबचं पिस्तूल वापरा. स्टेयर, वॉल्थर, मोरिनी, फाइनवर्कबाउ, पार्डिनी यांची मॅच पिस्तुलं लाखाच्या पुढे जातात, आणि घरच्यांनी कर्ज काढून आणल्यावर तुमची आवड आटली तर सगळ्यांनाच त्रास.

म्हणून बरेच जण सेकंड हँड घेतात. त्यात वाईट काही नाही, मॅच पिस्तुलाची नळी वर्षानुवर्षं टिकते. पण व्हॉट्सअॅपवर आलेले चकचकीत फोटो बघून अॅडव्हान्स पाठवू नका. सगळ्यात आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख मागा. २०० बारची टाकी तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते, आणि बहुतेक कंपन्या तिचं आयुष्य १० वर्षं सांगतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत वापरायचा नसतो आणि घरीही भरायचा नसतो. भरताना फक्त कोरडी, स्वच्छ हवा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन चुकूनही भरू नका, तेलाच्या थेंबाशी त्याचा स्फोट होऊ शकतो. तारीख खोडलेली असेल किंवा विकणारा टाळाटाळ करत असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच भाव बोला, आणि पैसे रेंजवर पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप मारून बघितल्यावरच द्या.